आधी अळ्या, मग पक्षी : घराजवळच्या जिवांसाठी बाग कशी करावी

पक्षी यावेत म्हणून बहुतेक जण पहिली खरेदी करतात ती दाणे ठेवायच्या भांड्याची. चार दिवसांत कबुतरं येतात, सांडलेल्या दाण्यांच्या वासाने उंदीर येतात, खालच्या मजल्यावरून तक्रार येते आणि हौस फिटते. मी आधी गॅलरीतल्या कुंड्यांत आणि नंतर अंगणात हा उद्योग बरीच वर्षं करत आले आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मला दर वेळी एकच सांगावं लागतं, की तुमचा क्रम उलटा झालाय. आधी मारणं थांबवा, मग पाणी ठेवा, मग झाडं लावा, मग थोडा पसारा राहू द्या. दाणे सगळ्यांत शेवटी, आणि ठेवलेच नाहीत तरी काही अडत नाही.

कारण साधं आहे. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा लहान पिलांना किडे आणि अळ्या भरवते. सूर्यपक्षी मधावर जगतो असं आपण समजतो, पण त्याच्या पिलांच्या चोचीत जातात ते कोळी आणि बारीक किडे. ज्या बागेत किडा दिसला की फवारा उचलला जातो, तिथे पक्षी घटकाभर टेकतील आणि निघून जातील.

खालच्या बहुतेक गोष्टी तीन कुंड्यांच्या गॅलरीलाही लागू पडतात. जिथे अंगण किंवा मोकळी जमीन लागते, तिथे तसं लिहिलं आहे.

काय काय लागेल

- एक वही आणि पेन्सिल.
- दोन उथळ, पसरट, खरखरीत तळाची मातीची भांडी. दोन अशासाठी, की एक घासून वाळत असताना दुसरं वापरात राहतं.
- ती घासायला वेगळा ब्रश. स्वयंपाकघरातला वापरू नका.
- निदान फूटभर खोल अशा दोन-तीन मोठ्या कुंड्या.
- भिंग. मोबाइलचा कॅमेरा जवळून नीट टिपत असेल तर तेही नको.
- टॉर्च.
- बुटांचा रिकामा खोका, झाकणाला भोकं पाडलेला, आत जुनं सुती कापड. तो कशाला, ते पुढे येईल.
- कागदपत्रं म्हणाल तर स्वतःच्या गॅलरीसाठी काहीच नाही. सामाईक गच्ची किंवा सोसायटीच्या बागेत काही करणार असाल तर मात्र लेखी होकार घ्या. तोंडी होकार कमिटी बदलली की विरतो.
- दोन फोन नंबर दाराजवळ लिहून ठेवा: जखमी वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या जवळच्या केंद्राचा आणि प्रशिक्षित सर्पमित्राचा. ऐन वेळी शोधत बसलं की कुणीही भेटतं.

दुर्बीण यादीत नाही. घ्यायचीच असेल तर ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची मोहक वाटते, पण तिच्यात दिसणारा परिसर अरुंद होतो, हाताचं कापणंही जास्त जाणवतं आणि नवशिक्याला पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. घेताना किती जवळचं स्पष्ट दिसतं ते पाहा. दोन मीटरवरचं दिसत असेल तर तीच दुर्बीण फुलपाखरांना चालते.

१. पहिला महिना फक्त बघा

काही विकत घेऊ नका, काही हलवू नका. उजाडल्यानंतरचे दीड-दोन तास आणि सूर्य मावळण्याआधीचा तास, या दोन वेळांना शक्य तेवढं बसा. नाव कळलं नाही तरी बिघडत नाही. कोण आलं, कुठे बसलं, काय करत होतं, एवढं लिहा. बुलबुल रोज त्याच वाळक्या फांदीवर बसत असेल तर ती फांदी छाटायची नाही, हे तुम्हाला वहीच सांगेल.

पानांकडे विशेष लक्ष द्या. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कंपासने आखल्यासारखे स्वच्छ अर्धगोल काप दिसले की लोक औषधाच्या दुकानात धावतात. ते काप करणारी असते पाने कापणारी एकटी, म्हणजे पोळं न करता एकटीच राहणारी, मधमाशी. ती पान खात नाही. तुकडा पायांत धरून उडते आणि वाळक्या काडीच्या पोकळीत त्याची नळकांडी वळते. प्रत्येक नळकांड्यात पराग आणि मधाचा गोळा, त्यावर एक अंडं. झाडाला याने काही होत नाही. पानाच्या आतून गेलेली पांढरी नागमोडी रेघ असेल तर ती नागअळी. तीही थोडी असेल तर दुर्लक्ष करा.

एखाद्या रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन त्याच कुंड्या पुन्हा बघा. दिवसा जिथे काहीच नव्हतं तिथे पतंग, नाकतोडे, गोगलगायी, शिकारीला बसलेली पाल, सगळी वस्ती दिसेल.

२. विष बंद करा

ही पायरी लोकांना सगळ्यांत अवघड जाते, म्हणून जरा सविस्तर.

*आंतरप्रवाही कीटकनाशकं.* इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडाच्या रसात शिरतात आणि तिथून मधात आणि परागातही उतरतात. म्हणजे मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, मारायला दिलेला डोस फुलावरच्या मधमाशीलाही पोचतो. युरोपीय संघाने २०१८ साली या गटातल्या तीन औषधांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली ती याच कारणाने. घरच्या जास्वंदीला याची गरज नाही.

*‘जैविक’ म्हणजे निरुपद्रवी, हा गैरसमज.* कडुनिंबाचं तेल अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, मग ती अळी वांग्यावरची असो की तुम्ही कौतुकाने वाढवत असलेल्या फुलपाखराची. बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जीवाणूची, फवारणीही अळ्यांमध्ये भेदभाव करत नाही. वापरावंच लागलं तर फक्त त्या फांदीवर, संध्याकाळी, फुलं टाळून.

*मग माव्याचं काय?* पहिला उपाय पाण्याची जोरदार धार. दुसरा, बोटाने चिरडणं. तिसरा, मुंग्यांची वाट अडवणं. माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खायला आलेल्यांना हुसकावतात. चौथा उपाय म्हणजे थांबणं. मावा वाढला की लेडीबर्ड भुंगेरे येतातच. इथे एक मोठी फसगत होते. प्रौढ लेडीबर्ड सगळे ओळखतात, पण तिची अळी लांबट, काळपट, नारिंगी ठिपक्यांची आणि खरबरीत असते, आणि माव्यात फिरताना दिसली की तीच गुन्हेगार ठरून मारली जाते. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या एका लेडीबर्डची अळी तर पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, मेणचट झालरींची असते. ओळखायची खूण अशी, की पिठ्या ढेकूण जागचा जवळपास हलत नाही. ती अळी आकाराने मोठी असते आणि लगबगीने फिरते.

*उंदरांचं औषध.* रक्त गोठू न देणारं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या हाती आयता लागतो. विष मग घुबडाच्या पोटात. चिकट कागदाचे सापळे त्याहून वाईट, त्यांत पाली, सरडे, कधी लहान पक्षीही अडकतात. अन्नाची सोय बंद करणं, बिळं बुजवणं आणि पिंजरा, एवढं पुरतं.

आणखी एक सापळा: रोपवाटिकेतून आणलेलं टवटवीत, एकही भोक नसलेलं रोप. ते बहुधा नुकतंच फवारलेलं असतं. विचारून घ्या, आणि शंका असेल तर पहिली फुलं खुडून टाका.

३. पाणी

दाण्यापेक्षा पाण्यावर जास्त प्रकारचे पक्षी येतात, कारण दाणे न खाणाऱ्यांनाही तहान लागते आणि आंघोळ लागते. भांड्याची खोली कडेला बोटाच्या पेरापेक्षा कमी आणि मध्ये फार तर पाच सेंटिमीटर. गुळगुळीत स्टील किंवा चकचकीत चिनी मातीवर पाय घसरतो, म्हणून साधी माती बरी. मध्ये एक-दोन खरखरीत दगड पाण्याच्या वर डोकं काढतील असे ठेवा. मधमाश्या त्यावर बसून पाणी पितात, नाहीतर बुडतात.

जागा निवडताना मांजराच्या नजरेने बघा. भांड्यापासून दोनेक मीटरवर झुडूप असावं, म्हणजे भिजलेल्या पक्ष्याला पटकन शिरता येतं. पण अगदी लागून नको, तिथे मांजर दबा धरतं. भर उन्हातही नको.

पाणी रोज बदला, आणि नुसतं ओतून देऊ नका, भांडं घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. रोज घासलेल्या भांड्यात डास होऊच शकत नाहीत, ही गोष्ट शेजाऱ्यांनाही शांतपणे सांगायला उपयोगी पडते. गावाला जाणार असाल तर भांडं पालथं घालून जा.

४. झाडं: आधी खाद्य, मग फुलं

फुलपाखरांची बाग म्हणून लोक फुलझाडं लावतात. फुलांवर फुलपाखरू मध प्यायला येतं, अंडी घालायला त्याला दुसरंच झाड लागतं. आणि त्या बाबतीत ते अतिशय हट्टी असतं. प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडांचीच पानं खाते. तेव्हा अळ्यांचं झाड आधी लावा. खाली आधी झाड, मग त्यावर अंडी घालणारं फुलपाखरू.

- कढीपत्ता, लिंबू: लाइम, कॉमन मॉर्मन, नशीब असेल तर निळ्या-काळ्या मोठ्या पंखांचं निलवंत.
- पानफुटी: रेड पिएरो. हिची अळी पानावर नाही, पानाच्या आत राहते. फुगीर, डागाळलेलं पान उजेडावर धरलं की आत हलताना दिसते.
- रुई: प्लेन टायगर.
- कण्हेर: कॉमन क्रो. हिचा कोष सोन्या-रुप्याचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो. पहिल्यांदा पाहणारा हमखास कुणाचा तरी दागिना अडकलाय समजतो.
- कृष्णकमळ: टॉनी कोस्टर.
- एरंड: कॉमन कॅस्टर.
- बहावा, टाकळा: पिवळी-पांढरी, झपाट्याने उडणारी एमिग्रंट जातीची फुलपाखरं. बहाव्याला जमीन हवी, टाकळा कुठेही उगवतो.
- सीताफळ, उंच सरळ वाढणारा खोटा अशोक: टेल्ड जे.

लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर एक सूचना. कण्हेर सगळीच विषारी आहे, एरंडाच्या बिया विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. अशा घरी कढीपत्ता आणि लिंबू यांवर भागवा.

गॅलरीत एकच झाड लावायचं असेल तर माझं मत कढीपत्त्याला. त्यावर सगळा खेळ हाताच्या अंतरावर घडतो. मादी कोवळ्या पानावर क्षणभर टेकते आणि टाचणीच्या डोक्याएवढं पिवळसर अंडं चिकटवून जाते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. सुरुवातीला ती काळी-पांढरी, ओलसर, थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. पक्षीही फसतात आणि माणसंही. मोठी होताना एका कातीनंतर ती अचानक हिरवीगार होते. तेव्हा गवताच्या काडीने तिला हलकेच स्पर्श करा. डोक्यामागून एक लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र आंबूस वास सुटतो. मुंग्या आणि कोळ्यांना पळवायची ही तिची युक्ती आहे. एकदाच करून बघा, उगाच छळू नका. कोष करताना ती काडीला मागचं टोक चिकटवते आणि कमरेभोवती एक रेशमी धागा घेऊन मागे रेलते. कोषाचा रंग आजूबाजूप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं मिळून साधारण महिना.

आता अपेक्षाभंगाची तयारी. बहुतेक अळ्या फुलपाखरू होत नाहीत. काही बुलबुल नेतो, काही गांधीलमाशी नेते. काही कोषांना बारीक भोक पडून त्यातून चिमुकल्या परोपजीवी माश्या निघतात. अळ्या डब्यात घालून ‘वाचवायचा’ मोह होतो. मुलांना दाखवायला एखादी ठेवा, पण सगळ्या उचलू नका. तुमचा कढीपत्ता बुलबुलाच्या पिलांचंही ताट आहे.

फुलांच्या बाबतीत दोन नियम. एक, भरगच्च दुहेरी पाकळ्यांची वाणं टाळा. त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे परागही नाही आणि मधापर्यंत वाटही नाही. एकेरी जास्वंद, पेंटास, एक्झोरा चांगली. दोन, तुळशीला, कोथिंबिरीला, मुळ्याला थोडं फुलू द्या. त्यांच्या बारक्या फुलांवर जेवढ्या जातींच्या माश्या येतात तेवढ्या गुलाबावर कधी दिसणार नाहीत. खुळखुळा लावलात तर प्लेन टायगर आणि क्रो यांचे नर त्याच्या सुकल्या पानांना, शेंगांना चिकटून बसलेले दिसतील. त्यातली विशिष्ट रसायनं घेऊन ते मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करतात.

घाणेरी लावू नका. फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात हे खरं, पण बिया पक्ष्यांमार्फत पसरतात आणि ती आसपासच्या रानातली बाकीची झुडपं दाबून टाकते.

जमीन असेल तर तुती लावा. मोठ्या कुंडीतही ती फळते. फळं पिकली की बुलबुल, कोकीळ, तांबट सगळे हजेरी लावतात, आणि तुमच्या वाट्याला फार काही उरत नाही.

५. पसारा राहू द्या

झाडून लख्ख केलेली बाग माणसांची असते. एक कोपरा ठरवून सोडून द्या. गॅलरीत एक परात पुरेल.

वाळका पाला झाडाखाली चार बोटं जाड राहू दे. अंगणात सातभाई पक्षी टोळीने येऊन तोच पाला उलटापालटा करतात, कारण त्याखाली वाळवी, झुरळं, गोमा, कोळी असतात. एखादं वाळकं, वठलेलं लाकूड असू दे. निळसर-काळा मोठा भुंगा त्यात गोल भोक पाडून घर करतो. ओंजळभर जागा पालापाचोळ्याशिवाय, उघड्या कोरड्या मातीची ठेवा. निळ्या पट्ट्यांची एक एकटी मधमाशी जमिनीत बीळ करते. ती टोमॅटो आणि वांग्याच्या फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवते आणि आतला पराग झटकून काढते. हे काम पोळं करणाऱ्या सातेरी मधमाशीला जमत नाही.

एकट्या माश्यांसाठी बांबूच्या पेरांची जुडी सोपी. आतली पोकळी ३ ते १० मिलिमीटर, लांबी साधारण १५ सेंटिमीटर, मागचं टोक गाठीने बंद, पुढचं तोंड तासून गुळगुळीत. सकाळचं ऊन येईल पण पाऊस लागणार नाही अशी घट्ट बांधा; वाऱ्याने झुलणारी जुडी कुणी वापरत नाही. वापरून झालेली पेरं वर्षाकाठी बदला, नाहीतर आत बुरशी आणि बारीक कोळीकिडे वाढतात.

भिंतीवर मातीचं लहानसं मडकं किंवा लिंपलेला गोळा दिसला तर ते कुंभारीण माशीचं बाळंतघर आहे. आत पिलासाठी बेशुद्ध केलेल्या अळ्या किंवा कोळी भरलेले असतात. ती माणसाच्या वाटेला जात नाही. तशीच कोळ्याची जाळी. सगळी जाळी झाडूने ओढलीत तर सूर्यपक्ष्याची मादी घरटं विणायला धागा कुठून आणणार? तिचं लोंबतं घरटं आणि शिंपी पक्ष्याने शिवलेली पानं, दोन्ही कोळ्याच्या रेशमावर उभी असतात.

जमीन असेल आणि पावसाचं पाणी साचतं असा खड्डा असेल तर तो भरून काढू नका. बेडूक अंडी घालतील. त्यात शोभेचे मासे मात्र सोडू नका, ते बेडकांची पिलं फस्त करतात.

६. घरटं झालं तर

बुलबुल कुंडीतल्या दाट झाडात वाटीसारखं घरटं करतो, सूर्यपक्षी गॅलरीतल्या वायरीला किंवा लटकत्या कुंडीला टांगतो, दयाळ भिंतीतल्या भोकात शिरतो. अंडी घातल्यापासून पिलं उडेपर्यंत साधारण महिनाभर. तेवढा काळ:

- त्या कुंडीला पाणी पक्षी उठलेला असताना, लांबून घाला. कुंडी हलवू नका, सावलीसाठीसुद्धा नको.
- घरट्यावरची पानं फोटोसाठी बाजूला सारू नका. तीच आडोसा असतात. तुमच्या मागोमाग कावळाही बघत असतो.
- फ्लॅश नको, आणि मोबाइलवरून त्याच पक्ष्याचा आवाज वाजवणं तर अजिबात नको. नराला वाटतं दुसरा नर घुसलाय, आणि तो पिलं सोडून भांडायला येतो.
- झाडांची छाटणी पुढे ढकला. एरवीही कात्री लावण्याआधी आत डोकावायची सवय ठेवा.

कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी सैल झाली असेल तर आजच ताणून घ्या. फाटक्या जाळीत पक्षी आणि साप दोन्ही अडकून मरतात.

७. पिलू सापडलं किंवा पक्षी काचेवर आपटला

पिलाकडे नीट बघा. पिसं आलेली, शेपूट तोकडी, टुणटुण उडी मारतंय? ते हरवलेलं नाही, उडायला शिकतंय. आई-बाप जवळच अळी घेऊन थांबलेले असतात आणि तुम्ही हटायची वाट बघत असतात. मांजराचा धोका असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि दूर व्हा. पिसं नसलेलं, डोळे मिटलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, हे खोटं आहे. घरी आणून दूध-पोळी भरवलेली पिलं बहुतेक मरतात, आणि रानटी पक्षी घरात ठेवण्याच्या आड बहुतेक देशांत कायदाही येतो.

काचेवर आपटून गुंगलेला पक्षी त्या भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. अंधार, शांतता, ऊब. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तासाभराने खोका बाहेर नेऊन उघडा. उडाला तर उत्तम. पंख लोंबत असेल किंवा मांजराने पकडलेला असेल तर दारावर लिहिलेला पहिला नंबर फिरवा. मांजराच्या दाताची जखम दिसायला बारीक असली तरी जंतुसंसर्गाने पक्षी जातो.

पुन्हा आपटू नये म्हणून काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या लावा, दोहोंमध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता. ससाण्याचं एकच मोठं स्टिकर लावून उपयोग होत नाही, पक्षी त्याच्या शेजारून काचेवर जातो.

८. नकोसे पाहुणे

साप दिसला तर दोन-तीन मीटर मागे व्हा, मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या, तो कुठे जातो त्यावर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला फोन करा. बहुतेक वेळा तो स्वतःच निघून जातो. धामण तर मुख्यतः उंदरांवर जगते. पण जात ओळखून धीट व्हायचा प्रयत्न नवख्याने करू नये. विटांचे ढीग, भंगार घराच्या दाराला लागून ठेवू नका. पसारा ठेवायचा तो कोपऱ्यात.

चिचुंद्री उंदीर नाही. लांब टोकदार नाक, बारीक डोळे आणि चालताना चिक्चिक् असा आवाज. ती झुरळं आणि किडे खाते.

मधमाश्यांची पोळी ओळखायला शिका. झुडपात तळहाताएवढं एकच उघडं पोळं असेल तर ते फुलोरीचं, तिथे भीतीचं फारसं कारण नाही. उंच इमारतीला किंवा झाडाला लोंबणारं मोठं एकच पोळं आग्याचं. त्याच्याशी खेळ नाही. धूर, दगड, फटाका, जाळ काहीही नको. आग्या माश्या हंगाम पालटला की पोळं सोडून स्थलांतर करतात. वर्दळीच्या जागी असेल तर जाणकार मधपाळालाच बोलवा.

९. दाणे ठेवायचेच असतील तर

थोडे, एका वेळी तासाभरात संपतील इतकेच. बाजरी, राळा असे बारीक दाणे. पाव, बिस्किट, खारट काहीही नको. संध्याकाळी खाली सांडलेलं झाडून घ्या. भांडं आठवड्यातून धुऊन उन्हात कडकडीत वाळवा, कारण एकाच ताटात खाणाऱ्या पक्ष्यांत रोग झपाट्याने पसरतात. अंग फुगवून, डोळे मिटून बसलेला पक्षी भांड्याजवळ दिसला तर दोन आठवडे दाणे बंद. कबुतरांचे थवे जमू लागले तर कायमचे बंद. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत छातीत गेल्याने काही माणसांना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो.

१०. नोंदी ठेवा आणि पाठवा

नाव कळत नसेल तर झाडं, किडे, फुलपाखरं यांसाठी आय-नॅचरलिस्ट, पक्ष्यांच्या आवाजासाठी मर्लिन, ही मोबाइलवरची अ‍ॅप वापरा. दोन्ही अंदाज देतात, निकाल नाही. मर्लिनने सांगितलेला पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह असू द्या. पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या संकेतस्थळावर टाका, अगदी ‘कावळा ४’ एवढीच यादीसुद्धा. आज साध्या वाटणाऱ्या पक्ष्यांच्याच नोंदी कमी पडतात, कारण त्या कुणी करत नाही.

सुरुवातीला बरी संधी म्हणजे ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली ही मोजणी आता जगभर फेब्रुवारीत चार दिवस चालते. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि यादी पाठवायची, बस. मोजताना एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा धरा, नाहीतर एकच बुलबुल तीनदा येऊन तीन होतो. आणि घरट्याचा फोटो कुठेही टाकणार असाल तर पिलं उडून गेल्यावर टाका, नेमकं ठिकाण झाकून. आय-नॅचरलिस्टवर ठिकाण धूसर करायची सोय आहे.